हात लावून तपासा

कॅम्पसवरच्या दवाखान्याच्या खोलीत सिस्टरनं आधी कॉटवरची चादर काढली. मग मला म्हणाली, झोप.

मला वाटलं, मळली असेल, दुसरी घालत असेल. दुसरी नव्हतीच. चादरीची घडी करून तिनं ती कपाटात ठेवली आणि मी उघड्या रेक्झिनवर आडवी झाले. अंग तापानं फणफणत होतं. माझ्या आधी त्याच कॉटवर, त्याच चादरीवर, होस्टेलची एक मुलगी डोकं दुखतंय म्हणून झोपली होती. तिला डॉक्टर मॅडम 'बेटा' म्हणत होत्या. मला म्हणाल्या, "कंपनीवाली का? लांबूनच सांग, काय होतंय."

कंपनीवाल्या म्हणजे आम्ही. युनिव्हर्सिटीच्याच विद्यार्थिनी, पण निम्मा आठवडा चाकणच्या कारखान्यात लाइनवर उभं राहायचं आणि निम्मा आठवडा वर्गात बसायचं. कंपनी स्टायपेंड देते, त्यातनंच फी जाते. शिफ्ट सुटली की बस थेट कॅम्पसवर सोडते. अंगावर राखाडी युनिफॉर्म, पायात सेफ्टी शूज, सगळं तसंच. ऑइलचा वास येतो. येणारच. अत्तराच्या दुकानात नाही आम्ही कामाला.

मॅडमनी मला हात लावला नाही. खुर्चीतनंच दोन प्रश्न विचारले आणि तापाच्या गोळ्या टेबलाच्या कडेला सरकवल्या. मी म्हटलं, पोटात फार दुखतंय. तर म्हणाल्या, "तुम्हा लोकांना काहीही खायची सवय. आणि पुढच्या वेळी आंघोळ करून यायचं." हे सगळं हसून. मायेनं सांगितल्यासारखं.

टायफॉइड होता. ते पिंपरीच्या सरकारी दवाखान्यात कळलं. तिथं मुंगी शिरायला जागा नव्हती. घामानं निथळणाऱ्या एका तरुण डॉक्टरनं माझं पोट दाबून बघितलं, जीभ बघितली, पापणी खाली ओढून बघितली. कॉटवरची चादर मळकी होती, पण होती. मला तिथं रडू फुटलं. आजारी माणसाला हात लावतात, एवढी साधी गोष्ट, आणि ती मला त्या दिवशी नव्यानं कळत होती.

बरी झाले, परत शिफ्टला जाऊ लागले. कुणाला काही बोलले नाही. पण कॅम्पसवर त्या खोलीवरनं जाताना तळपायाची आग मस्तकात जायची.

मग सविताचं झालं. सविता माझ्याच लाइनवरची, राजगुरुनगरजवळच्या गावातली. रात्रपाळी करून आली आणि वर्गातच कोसळली. आम्ही दोघी-तिघींनी धरून तिला त्याच खोलीत नेलं. ती अर्धवट शुद्धीत पुटपुटत होती, "मला काय न्हाई झालं, आमी जातो." आणि सिस्टर चादर काढायला लागली.

माझं डोकं फिरलं. माझ्यावर वेळ आली तेव्हा मी नशिबाला बोल लावला होता. सवितावर आली तेव्हा कळलं, नशीब-बिशीब काही नाही, ही यांची रीतच आहे. मी सिस्टरच्या हातातनं चादर हिसकली, कॉटवर पसरली आणि सविताला तिच्यावर झोपवलं. बुटांसकट. बूट मी मुद्दाम काढले नाहीत.

मॅडम उठून उभ्या राहिल्या. "ती चादर आता टाकून द्यावी लागेल."

"टाका. रोज एक टाका. आम्ही रोज येणार."

दुसऱ्या दिवशी कोर्सच्या सरांनी बोलावलं. मॅडमची माफी मागायची, नाहीतर कंपनीतनं नाव काढणार. नाव गेलं की स्टायपेंड बंद, स्टायपेंड बंद की फी बंद, म्हणजे झालेली दोन वर्षं वाया. सर तसे वाईट नाहीत, घाबरट आहेत. म्हणाले, दोन शब्द बोलायला जीभ झिजते का?

घरी बाबांना सांगितलं. ते परभणीकडनं आलेले, चिखलीत एका सोसायटीच्या गेटवर वॉचमन. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गाडीला सलाम ठोकणारे. "माय, पाण्यात राहून माशाशी वैर करायलीस?" म्हणाले.

"करायले," मी म्हटलं. त्या रात्री ते जेवले नाहीत. मीही नाही.

माफीसाठी मी त्या खोलीत गेले. सर बाजूला उभे, मॅडम खुर्चीत. "चल, झालं गेलं," मॅडम म्हणाल्या, "सॉरी म्हण आणि विषय संपव."

मी मनगट त्यांच्यासमोर टेबलावर ठेवलं. "आधी तपासा. हात लावून तपासा."

सर म्हणाले, अगं. मी हललेच नाही. दारात आमच्या बॅचच्या पोरी उभ्या होत्या, सगळ्या युनिफॉर्मवर, डोळे फाडून बघत होत्या. शेवटी मॅडमनी दोन बोटं माझ्या नाडीवर ठेवली. बोटं गार पडली होती. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. पण तेवढ्यानं पोट भरलं नाही.

सॉरी मी म्हटलं नाही. माझं नाव अजून काढलेलं नाही, काढतीलही. ज्या दिवशी काढतील त्या दिवशी अख्खी बॅच त्या खोलीच्या दारात बसेल, असं पोरींनी सरांना तोंडावर सांगितलंय. सध्या शिफ्ट सुटली की आमच्यातली कुणी ना कुणी तिथं जातेच. कुणाची कंबर, कुणाचे पाय. दिवसभर उभं राहिल्यावर सोंग करावं लागत नाही, दुखतंच. प्रत्येकीला हात लावावा लागतो. लावताना त्या डॉक्टरचं तोंड कसं होतं ते मी दारातनं बघते.

मॅडम म्हणायचं मी सोडलंय. ती दुसरीकडं नोकरी बघतेय, असं कानावर येतं. जायचं असेल तर तिनं जावं. मी डिग्री घेतल्याशिवाय इथनं हलणार नाही, आणि तोवर तिला सुखानं खुर्चीत बसू देणार नाही.