भांड्यांवरचं नाव

"हट्, वास येते," असं म्हणून ती पदर नाकाला लावायची. समोर घाण असायलाच पाहिजे असं नाही. खोटं बोलणारा माणूसही पुरायचा. अमरावतीच्या आमच्या मुलींच्या शाळेत ती पाणी भरायची, मी तिथं मास्तरीण. तिचं नाव मी सांगणार नाही. ते लोकांनी आधीच पुष्कळ वापरलंय.

नवऱ्यानं तिला टाकून दुसरी आणली. अंजनगावच्या त्या गृहस्थाची काटकसर ऐका. घरातल्या भांड्यांवर पहिलीचं नाव घातलेलं होतं. ते खोडून नवं घालायला नको, म्हणून नव्या नवरीचंही त्यानं तेच नाव ठेवलं. 

"मले टाकलं अन् गंगाळ ठेवलं," ती हसून सांगायची.

मतदारयादी करणारा कारकून शाळेत आला. तिला सासरचं गाव विचारून म्हणाला, "मग नाव तिकडंच असेल." माणूस राहतो तिथं नाव लागतं, असं मी त्याला बजावलं. मेला चहा पिऊन चालता झाला.

पहिल्या निवडणुकीत तिचं मत हुकलं, पण तिला मत द्यायचंच होतं. "पोटापुरतं मीच कमावते, मंग मत काहून नाही?" दुसऱ्या निवडणुकीला मी तिला मोटारीनं अंजनगावला नेलं. यादीत नाव सापडलं. अधिकारी म्हणाला, "या बाईंचं मत पडलं. तुम्ही कोण?"

नवरा उमेदवाराचा माणूस म्हणून तिथंच खुर्चीत बसला होता. अधिकाऱ्यानं त्याला विचारलं, "यांना ओळखता?"

तंबाखू गालात सरकवत तो म्हणाला, "नाही जी. कोन होय, कोनाले मालूम."

दुसरी दाराशी उभी होती. तिनं शाईचं बोट पदरात लपवलं. तिला मी दोष देत नाही.

"ते हाय ते हाय, साहेब," आमची बाई दुसरीकडे बोट करून म्हणाली. "पन मी कुठी गेली मंग?"

साहेबांनी पुढच्या माणसाला बोलावलं.

तिसऱ्या निवडणुकीआधी मी कारकुनाला दारातच अडवून शाळेच्या पत्त्यावर तिचं माहेरचं नाव लिहवून घेतलं. यादी लागली तेव्हा तिनं ते मला दोनदा वाचायला लावलं आणि मुलींना खडीसाखर वाटली. त्याच थंडीत ती न्यूमोनियानं गेली.

मतदानाच्या दिवशी माझं मत देऊन झाल्यावर मी अधिकाऱ्याला तिचं नाव सांगून म्हटलं, "या बाई वारल्या हो. नाव खोडा."

त्यानं पट्टी सरकवत ओळ शोधली.

"वारल्या कशा? सकाळीच मत देऊन गेल्या की."