दुधीचा रस आणि एक कप चहा

आमच्या महाडच्या आळीत आजही सांगतात की, बायकोच्या दहाव्याला समोरच्या घरातल्या कारकुनांनी दुधीच्या रसाचा पेला ठेवला आणि कावळा तत्काळ पिंडाला शिवला. हे धादांत असत्य आहे. सावित्री नदीच्या घाटावर मी त्यांच्या शेजारी उभा होतो.

हे कारकून निवृत्त झालेले. पत्नीला मधुमेह जडल्यापासून ते रोज सकाळी ओटीवर बसून दुधी किसत. आधी एक चकती चाखून ती कडू नसल्याची खात्री करीत, मग पुदिना आणि आवळा घालून फडक्यातून हिरवागार रस पिळीत. आतून वहिनी म्हणत, "अहो, एकदा तरी गोड चहा द्या हो."

"उद्या. आज पथ्य आहे."

ते 'उद्या' मी पाच वर्षे ऐकले. लोक त्याला सेवा म्हणतात.

घाटावर कावळ्यांनी रसाकडे पाहिलेही नाही. तेव्हा ते घरी गेले, चहाची कपबशी घेऊन आले आणि पिंडाजवळ ठेवून म्हणाले, "घे गो. आजच घे."

तासभर एकही कावळा उतरला नाही. अखेर भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिवविला.

दुधीची प्रत्येक चकती चाखणाऱ्या त्या माणसाने निघताना कप उचलला आणि तो गार चहा प्रथमच ओठांना लावला.

"साखर घालायची राहिली," ते म्हणाले.