दोन दिवसांसाठी नेलेला चष्मा

मुकुंदवाडीत माझा दवाखाना आहे. तपासायची एक खोली, बाहेर बसायची एक. ताप, खोकला, शुगर, बीपी हेच माझं रोजचं काम. पण शहरातले नाकाचे सर्जन मला वेगळ्याच कारणानं ओळखतात. नाकाचं ऑपरेशन झालेलं आहे आणि चष्म्यावाचून चालत नाही, असं कुणी असलं की ते चिठ्ठी देऊन माझ्याकडं पाठवतात. नाकाला न टेकणारा चष्मा मी बनवतो.

त्या चष्म्याबद्दल मी चार लोकांत पुष्कळदा बोललो आहे. ज्या बाईसाठी तो पहिल्यांदा बनवला तिच्याबद्दलही बोललो आहे. ते बोलणं खोटं होतं, एवढं आता लिहून टाकतो.

ती आमच्याच गल्लीत साड्यांना फॉल-पिको करायची. माझ्याहून दोनेक वर्षांनी मोठी असेल. मी तिला ताई म्हणायचो, ती मला साहेब. बारा वर्षांपूर्वी नवऱ्याच्या स्कूटरवर मागं बसली असताना गतिरोधकावर उडून पडली आणि नाकाचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. सर्जननं बजावलं, सहा आठवडे नाकावर चष्मा ठेवायचा नाही, नुकतं बसवलेलं हाड वजनानं सरकतं. तिचा नंबर प्लस सहा. काचा भिंगासारख्या जाड.

"सुईचं भोक राहू द्या साहेब, मला सुई पण दिसत नाय," ती म्हणाली. "लग्नसराई आहे. सहा आठवडे काय करू, भजन करू?"

आधी मी चष्मा चिकटपट्टीनं तिच्या कपाळाला चिकटवून पाहिला. एप्रिल महिना. घामानं पट्टी तासाभरात सुटायची. मग माझ्या डोक्यात ते वेड शिरलं. मुलींचा प्लास्टिकचा हेअरबँड, सायकलच्या चाकातल्या दोन तारा, बुटाच्या आतल्या तळव्याचा फोम. हे सगळं पिशवीत घालून मी गुलमंडीतल्या एका चष्मेवाल्या चाचांकडं गेलो. त्यांनी माझं चित्र उलटसुलट करून पाहिलं.

"डॉक्टरसाब, ये चष्मा है के टीव्ही का अँटिना?"

पण बनवून त्यांनीच दिला. एका हलक्या फ्रेमच्या नाकावर बसणाऱ्या दोन्ही गाद्या कापून टाकल्या, तिच्या चष्म्याच्या काचा त्यात घातल्या, आणि फ्रेम दोन तारांनी कपाळावरच्या पट्ट्याला लटकवली. नाकाला कुठंच स्पर्श नाही. तिनं दवाखान्यातल्या आरशात पाहिलं.

"आता नुसत्या मुंडावळ्या बांधायच्या राहिल्या," ती म्हणाली आणि हसायला लागली. नाक दुखलं म्हणून हसता हसता थांबली. दुसऱ्या दिवसापासून तिची मशीन सुरू झाली. येता-जाता मला तो खडखडाट ऐकू यायचा आणि बरं वाटायचं. हे बरं वाटणं खरं होतं, तेवढं मी अजूनही म्हणतो.

शहरातल्या आम्हा फॅमिली डॉक्टरांची महिन्यातून एकदा बैठक असते. एखादा मोठा डॉक्टर बोलतो, आम्ही ऐकतो, मग जेवण. मी वीस वर्षं मागच्या रांगेत बसलेला माणूस. त्या महिन्यात मला दहा मिनिटं मिळाली. दाखवायला चष्मा हवा होता, आणि चष्मा एकच होता. तिच्या कपाळावरचा.

शुक्रवारी मी तिच्याकडं गेलो. ऑपरेशनला दोनच आठवडे झाले होते.

"ताई, जरा दुरुस्ती करायची आहे. तारा नीट बसवून आणतो. दोनच दिवस."

"चांगला बसलाय की."

"दोन दिवस आराम करा."

तिनं काढून दिला. माझ्यावर तिचा विश्वास होता असं लिहिणार होतो. पण खरं म्हणजे डॉक्टरला नाही कसं म्हणायचं, एवढंच तिच्या मनात असणार.

मी तारांना काळा रंग दिला, फोम बदलला. रविवारी बैठकीत एका मित्राच्या डोक्यावर चढवून दाखवला. टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेतला एक सर्जन उठून आला, चष्मा हातात घेऊन म्हणाला, "दोन दिवस राहू द्या माझ्याकडं, आमच्या लोकांना दाखवतो." मी तोंडभर हसून हो म्हणालो. ती घरी बसली आहे हे त्या क्षणी मला आठवत होतं. विसरलो असतो तर निदान तसं सांगता तरी आलं असतं.

चष्मा बुधवारी तिच्याकडं पोचला. मधले पाच दिवस ती ट्रंकेतला जुना चष्मा नाकावर चढवून मशीनवर बसली होती. शनिवारी एका नवरीच्या आईनं सहा साड्या आणून टाकल्या होत्या. नाक डाव्या बाजूला सुजलं होतं, आणि सूज उतरल्यावर ते वाकडं राहिलं. श्वासही त्या बाजूनं नीट येईना. पुन्हा ऑपरेशनला ती तयार झाली नाही.

हाड कदाचित आधीच सरकलं असेल. अशी शक्यता असते. ही शक्यता मी बारा वर्षं उशाला घेऊन झोपलो.

तेव्हा तिच्या नवऱ्यासमोर मी काय बोललो ते लख्ख आठवतं. "ताई, नाकावर चष्मा नको म्हणून सांगितलं होतं ना?" तिनं मान खाली घातली. "चुकलंच साहेब," म्हणाली. मी तो शब्द झेलला. केस पेपरवर इंग्रजीत एक ओळ लिहिली: रुग्णानं सूचना पाळली नाही, नाकावर चष्मा वापरला. माझ्याकडं केस पेपर पेशंटजवळच राहतो, येताना प्लास्टिकच्या पिशवीतून आणायचा. म्हणजे ती ओळ तिच्याच घरात राहिली, तिच्याच ट्रंकेत.

पुढं मी असे बरेच चष्मे बनवले. एक नियमही केला: एकदा पेशंटला दिलेला चष्मा सर्जननं सांगेपर्यंत परत आणायचा नाही. लोक म्हणतात, डॉक्टर फार काळजी घेतात. आणि प्रत्येक नव्या पेशंटला मी एका बाईची गोष्ट सांगायचो. "एका बाईनं ऐकलं नाही. नाक कायमचं वाकडं झालं. तुम्ही तसं करू नका."

या उन्हाळ्यात तिला मोतीबिंदू निघाला. मी डोळ्याच्या दवाखान्यात पाठवलं. चार दिवसांनी दुपारी ती आली, बाहेरची खोली रिकामी असताना. नवरा जाऊन तीन वर्षं झालीत, आता एकटीच येते. पिशवीतून केस पेपर काढून टेबलावर ठेवला.

"ह्याच्यात माझ्याबद्दल काय लिहिलंय साहेब?"

"का?"

"तिथल्या डॉक्टर पोरीनं वाचलं आन् मला म्हणली, मावशी, तुम्ही सांगितलेलं ऐकत नाय म्हणे, डोळ्याच्या बाबतीत असं चालणार नाय. चार लोकांत. हिला कुणी सांगितलं, म्हणलं? तर ह्याच्यात लिहिलंय म्हणे." ती थांबली. "तेवढं खोडा की. चूक झाली माझी, व्हय. नाकावर दिसतीच की ती. कागदावर आणखी कशाला पायजे?"

मी पेन उचललं. एक रेघ मारली असती तर ती आभार मानून गेली असती.

"चूक तुमची नव्हती, ताई."

"मग कुणाची?"

"चष्मा मी दुरुस्तीला नेला नव्हता. डॉक्टरांच्या बैठकीत मिरवायला नेला होता. दोन दिवस म्हणालो आणि पाच दिवस ठेवला."

पंखा फिरत होता. तिनं पदरानं चष्म्याच्या काचा पुसल्या, परत घातला, आणि माझ्याकडं पाहिलं. त्या मोतीबिंदूतून मी तिला कितपत दिसलो कोण जाणे.

"टाळ्या पडल्या का?"

"पडल्या."

"लई?"

"लई."



"आमचे मालक जाईपर्यंत बोलत राहिले मला," ती म्हणाली. "कामाची लई हाव हिला, डॉक्टरचं ऐकलं नाय, बसली नाक वाकडं करून. पाव्हण्यांत सुद्धा. मी म्हणायचे, व्हय बाबा, चुकलं. आता त्यांना कोण सांगणार? तुम्ही?"

मी पेन त्या इंग्रजी ओळीवर टेकवलं.

"खोडू नका," ती म्हणाली. "त्याच्या खाली लिहा. मराठीत. मला वाचता येईल असं."

मी सावकाश, मोठ्या अक्षरात लिहिलं. तिनं कागद डोळ्यांपासून लांब धरला, मग जवळ आणला, बोट फिरवत वाचला.

"'सादरीकरणासाठी' काय लिहिलंय? आत्ता तोंडानं वेगळं म्हणलात."

मी तो शब्द खोडून 'मिरवण्यासाठी' लिहिलं. खाली सही करून शिक्का मारला. तिनं कागद पिशवीत घातला आणि गेली. रागावली असती, रडली असती, तर मला काहीतरी करता आलं असतं.

तिचं ऑपरेशन झालं, दिसतंही चांगलं, हे मला गल्लीतून कळलं. डोळ्यात घालायचे थेंब ती पलीकडच्या रस्त्यावरच्या डॉक्टरकडून लिहून घेते. मशीन अजून खडखडते. मी तिच्या दारावरूनच जातो. दुसरा रस्ता आहे, पण तो घेत नाही.

परवा कॉलेजातली एक मुलगी आली, नाकाला प्लास्टर, हातात सर्जनची चिठ्ठी. कपाळावर पट्टा बसवताना सवयीनं तोंड उघडलं. "एका बाईनं…" म्हणालो आणि थांबलो.

"काय झालं तिला?" मुलीनं विचारलं.

"तिच्या डॉक्टरनं हा चष्मा मिरवायला परत नेला. तिचं नाक वाकडं राहिलं."

"असला कसला डॉक्टर?"

"मीच तो," मी म्हणालो.

ती काही क्षण आरशातून माझ्याकडं पाहत राहिली. मग म्हणाली, पट्टा डाव्या बाजूला टोचतोय. मी तो सैल केला.