तिसरं कार्ड

चिडणं माझ्या रक्तातच आहे असं माझा नवरा म्हणतो. असेल. पण या एका बाबतीत मी अजून चिडते, ती उगीच नाही.

ऐंशीच्या दशकात त्याची रेल्वेत जयपूरला बदली झाली आणि मला तिथल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची नोकरी मिळाली. संशोधन मी माझ्या हट्टाने करत होते. आग्रा रोडवर बस्सीच्या अलीकडे एका गायरानात खेजडीची झाडं होती. खेजडी म्हणजे आपली शमी. तिच्या सावलीत गवत उघड्या जमिनीपेक्षा दाट का येतं, एवढाच माझा प्रश्न. खुंट्या ठोकून, सुतळी ताणून मीटरभराचे चौकोन आखले होते. दर पंधरवड्याला बसने जायचं आणि उकिडवं बसून चौकोनातलं एकेक रोप मोजायचं. सात वर्षं मोजलं. मध्येच बकऱ्या येऊन चरून जात, तो ताप वेगळाच.

त्यावरचा माझा लेख एका परदेशी नियतकालिकात छापून आला. त्यांनी लेखाच्या पन्नास सुट्या प्रती पाठवल्या. त्यांना रीप्रिंट म्हणत. तेव्हाची पद्धत अशी, की ज्याला तुमच्या विषयात रस आहे तो पोस्टकार्ड टाकून तुमच्याकडे रीप्रिंट मागणार, वाचणार, आणि पुढे स्वतःच्या लेखाखाली संदर्भात तुमचं नाव घालणार. तुमचं काम कोणाच्या उपयोगी पडलं की नाही, ते त्या संदर्भांवरूनच ठरायचं. मी कार्डांची वाट बघत बसले. एक म्हणून आलं नाही.

विभागाचं सगळं टपाल आधी सरांच्या टेबलावर जायचं. सर म्हणजे आमचे विभागप्रमुख, नागपूरकडचे. जयपुरातल्या मराठी घरांत त्यांना मोठा मान. मी तर त्यांना वडिलांच्या जागी मानायचे. दोन वर्षांनी त्यांनी मला बोलावलं. "बाई, वाईट वाटून घेऊ नका, पण तुमच्या त्या गवताला बाहेर कोणी विचारत नाही. रीडरच्या बढतीसाठी तुमचं नाव पुढे करू तरी कसं?"

आणि मला ते पटलं! त्याचाच सगळ्यात जास्त राग येतो. त्या दिवाळीच्या सुट्टीत बस्सीला जाऊन सगळ्या खुंट्या मी माझ्या हाताने उपटून टाकल्या.

संक्रांतीला सरांनी आम्हाला तिलक नगरच्या घरी तिळगुळाला बोलावलं. गच्च्यांवर पतंग आणि "वो काटा"चा नुसता कल्ला. सरांनी मोठ्या हौसेने आपला तिकिटांचा अल्बम काढला. "मी नुसतं तिकीट नाही ठेवत. शिक्क्यासकट कापतो. मतलब, शिक्का नसेल तर मजा काय?" पोलंड, हंगेरी, जपान. तिकिटं कार्डाच्या तुकड्यांवर तशीच होती, वरच्या कडेला कागदी पट्टीने चिकटवलेली. मी सहज एक उचलून मागे पाहिलं. "प्रिय डॉक्टर", पुढे माझं आडनाव, आणि त्याखाली माझ्या लेखाच्या नावाचे पहिले दोन शब्द.

दुसरं उचललं. तेही माझंच. हंगेरीच्या एकावर तर वर लाल शाईने लिहिलं होतं: ही माझी तिसरी विनंती.

"सर, ही माझी कार्डं आहेत."

"अहो, फुकट प्रती मागणारी छापील कार्डं ती! परदेशी पोस्टेज विभागाने कुठून भरायचं? उरलेलं दिलं टाकून."

उरलेलं! पाठवणाऱ्याचा पत्ता त्या उरलेल्यावरच होता. आता मी रीप्रिंट पाठवू कुठे, नुसतं हंगेरी असं लिहून?

मी ओरडले. भरल्या घरात, पंधरा माणसांदेखत. "लाज नाही वाटत? माझी कार्डं कापून अल्बम सजवायचा आणि वर मलाच सांगायचं, कोणी विचारत नाही म्हणून?" वहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी, हलव्याची वाटी हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. नवरा माझा दंड धरून "अगं, पुरे, पुरे" करत होता. सर शांतपणे म्हणाले, "बाई, आज तरी गोड बोला." त्यावर सगळे हसले. हसले! ते हसू आठवलं की आजही माझं डोकं फिरतं.

पुढच्या वर्षी लायब्ररीत हंगेरीतल्या एका संशोधकाचा लेख हाती लागला. माळावरच्या एकट्या झाडाखाली उगवणारं गवत. माझाच प्रश्न! खाली संदर्भांची दोन भरगच्च पानं, आणि त्यात माझं नाव कुठेच नाही. पण लेखावर पत्ता होता. मी स्वतः पोस्टात जाऊन त्याला रीप्रिंट पाठवला, सोबत चिठ्ठी लिहिली, ती तीन कार्डं तुमचीच होती का? उत्तर घरच्या पत्त्यावर मागवलं.

दोन महिन्यांनी पत्र आलं. माणूस सभ्य होता. कार्डं त्याचीच होती. त्याने लिहिलं होतं, तिन्ही वेळा उत्तर आलं नाही, तेव्हा तुम्ही हे काम सोडून दिलं असावं असं मी समजलो.

असं वाटलं, ते पत्र टराटरा फाडून टाकावं. पण त्या बिचाऱ्याचं काय चुकलं होतं? त्याचा अंदाज तर बरोबरच होता.