भोजराजची मिनिटभराची गाणी

भंडाऱ्याच्या बाजारात पितळी भांड्यांच्या दुकानांची एक ओळ होती. तिच्या टोकाला भोजराजचं कॅसेट भरून देण्याचं दुकान होतं. एक मोठा टेपरेकॉर्डर, एक अँप्लिफायर आणि लग्नात लावायचा भोंगा, एवढाच त्याचा संसार. त्याचा बाप जन्मभर भांडी ठोकत आला. लहानपणी भोजराज हातोड्यांच्या आवाजात झोपायचा आणि आवाज थांबला की जागा व्हायचा. त्यामुळे १९८४ साली ती कॅसेट हाती आली, तेव्हा बाकीच्यांना ज्यात नुसता कल्ला ऐकू आला, त्यात त्याला ठोका सापडला.

कॅसेट आणली इश्वरने. तो जवाहरनगरच्या कारखान्यात कारकून होता आणि त्याचा मेहुणा मालवाहू जहाजावर. अमेरिकेतल्या कुठल्याशा बंदरात सिगारेटच्या पाकिटाच्या बदल्यात मेहुण्याने ती मिळवली होती. वर ना गाण्यांची नावं, ना गाणाऱ्यांची.

"घरी कोणी ऐकून नाई राहिले," इश्वर म्हणाला. "याले हार्डकोर पंक म्हणते म्हणे. तू पाहून घे, नाई तं पुसून दुसरं काही भर."

भोजराजने पुसली नाही. पावसाळाभर ऐकून ऐकून कोणतं गाणं कुठे दम घेतं हे त्याला पाठ झालं. मग तो दुकानात येणाऱ्याला धरून ऐकवू लागला. त्याची रीत ठरलेली होती. आधी स्टूल पुढे करायचा. "चाल शोधाची नाई," तो सांगायचा. "पहिल्या बारीले फक्त ढोल ऐका." मग तेच गाणं पुन्हा लावायचा. "आता गिटार. आरागिरणीत साग चिरून राहिले असं वाटते ना? चिरू द्या." त्यानंतर आवाजाकडे लक्ष द्यायला लावायचा. एकजण ओरडतो आणि त्याची ओळ संपायच्या आत बाकीचे तिच्यावर तुटून पडतात. हे समजावायला तो दंडारीचा, गावातल्या नाचगाण्याच्या खेळाचा, दाखला द्यायचा, तिथेही एकाची ओळ मागचे सगळे मिळून उचलतात. काही गाणी मधेच मंदावायची, बैलबंडी गाळात रुतावी तशी, आणि निघाली की सुसाट. "तिथंच खरी मजा हाये," तो म्हणायचा. विडी नीट पेटेपर्यंत गाणं संपलेलं असायचं.

शब्दांचा अर्थ इश्वर रविवारी येऊन सांगायचा, त्याला कळेल तेवढा. ही विशीतली पोरं, गाणं न शिकलेली. सरकारवर, पोलिसांवर, मालकावर, कधी घरच्या बापावर चिडलेली.

"म्हणजे आपल्याहून मोठ्यावर ओरडून राहिले," भोजराज म्हणाला. त्याला ते फार आवडलं.

बहुतेक लोक हसत उठून जायचे. टिकून ऐकणारा एकच निघाला, तो म्हणजे मंगरू. दुकानामागच्या खोलीत तो आणि त्याची बायको मनकर्णाबाई वीसेक वर्षं भाड्याने राहत होती. भांड्यांना पॉलिश करण्यात त्याची उमर गेली. मग लकवा आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डावा हात तेवढा हलायचा. भोजराज छोटा टेप त्यांच्या खिडकीत ठेवून हळू आवाजात गाणी लावायचा. पहिल्यांदा मंगरू नुसता आढ्याकडे बघत पडला. काही दिवसांनी त्याची बोटं खाटेजवळच्या लोट्यावर ठोका धरू लागली. गाणं जिथे झटक्यात तुटायचं, तिथे बोटंही बरोबर थांबायची.

"बिमारीपासून पहिल्यांदा हासला माणूस," मनकर्णाबाई म्हणाली, "अन् कायच्या गाण्यावर, तं ह्या."

दुकानांची ती सगळी ओळ, मागच्या खोल्यांसकट, ताराचंद शेठच्या मालकीची होती. त्याला मागची खोली गोदामासाठी हवी होती आणि मनकर्णाबाई सोडत नव्हती. कोर्टात गेलं तर वर्षं जातील, असं वकिलाने सांगितलं होतं. एके सकाळी शेठ भोजराजच्या स्टुलावर येऊन बसला.

"तुझा भोंगा तिच्या खिडकीवर बांध," तो म्हणाला. "अन् ते तुझे आवडते गाणे लाव. दुकान उघडल्यापासून बंद होईस्तोवर."

"मंगरूकाका बिमार हाये, शेठजी."

"मले मालूम हाये. म्हणून तं."

"अन् नाई लावलं तं?"

"तं तुझ्या दुकानात गोदाम करतो. मले काय, कोणतीही खोली चालते."

भोजराजने शिडी आणली आणि स्वतःच्या हाताने भोंगा बांधला.

हळू आवाजात जी गाणी मंगरूला हसवायची, ती भोंग्यातून फाटून बाहेर पडली. ढोल कळेना, गिटार कळेना, नुसती पत्र्याची किंकाळी. कॅसेट संपली की भोजराज ती उलटी करून लावायचा. दिवसभर भांडी ठोकणारे कारागीरसुद्धा हातोडे ठेवून दूर जाऊन बसले. सुरुवातीला मंगरूची बोटं लोट्याकडे गेली. ठोका धरायचा त्याने प्रयत्न केला. मग बोटं आखडली आणि त्याने तो हात डाव्या कानावर दाबला. उजव्या कानासाठी त्याच्याकडे हात नव्हता. तो कान मनकर्णाबाई तळव्याने दाबून बसायची. ती उठली की तो खाटेवर तडफडायचा, म्हणून चूलही पेटली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती दुकानात आली. शेठ तिथेच चहा पीत बसला होता.

"भोजराज, आवाज कमी कर बापू. त्यायच्या तोंडाले फेस येऊन राहिला."

"खोली खाली करा बाई," शेठ म्हणाला. "आत्ता बंद होते."

तिने शेठकडे पाहिलंही नाही. "तू काहून बोलत नाईस? तूच तं त्यायले ह्या गाण्याची गोडी लावली."

भोजराजचा हात बटणापाशी होता. तो म्हणाला, "काकू, खाली करून द्या ना."

ती निघून गेली आणि तिने माहेरी निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी सकाळी लाखांदूरहून तिचा भाऊ केवळराम आला. दोघातिघांनी मंगरूला खाटेसकट एसटी स्टँडवर नेलं. शेठने खोलीला कुलूप घातलं आणि मग भोजराजला म्हणाला, "आता कर बंद."

महिना व्हायच्या आत मंगरू लाखांदूरला वारल्याची बातमी आली. बाजार हळहळला. चहाच्या टपरीवर ताराचंद म्हणाला, "मी किती सांगितलं त्या पोट्ट्याले, भोंगा खाली घे. इंग्रजी गाण्याचं येडच लागलं त्याले." लोकांना ते लगेच पटलं. स्टुलावर बसून हसणाऱ्या सगळ्यांनी भोजराज कसा हात धरून ऐकवायचा ते सांगितलं. शेठने हुकूम दिला तेव्हा तिथे दुसरं कुणी नव्हतं. दोन कारागिरांनी कॅसेट काढून भट्टीत टाकली. भोजराज पाहत राहिला. महिनाअखेरीस, गल्लीतल्या लोकांची तक्रार आहे म्हणून, शेठने त्याचंही दुकान खाली करून घेतलं. मधली भिंत पाडून दोन्ही खोल्यांचं एकच गोदाम झालं.

पुढच्या वर्षी रोवण्याच्या दिवसांत भोजराज बसने लाखांदूरला गेला. मनकर्णाबाई दुसऱ्याच्या बांधीत धानाची रोपं लावत होती. चिखलाचे हात धुऊन ती शेताच्या कडेला धुऱ्यावर आली.

"कायले आला?"

"भेटाले."

तिने त्याला पाणी दिलं. तो म्हणाला, "शेठनं धमकावलं होतं मले, काकू."

"मालूम हाये. त्याचं तोंड पाहूनच समजलं होतं."

"मंग लोकायले काहून नाई सांगितलं?"

"मले कोणी विचारलं?" ती म्हणाली. "इथं काही आवाज नोयता. रातकिडे, अन् कधी बैलाची घंटी. तरी त्यायनं कानावरचा हात नाई काढला. मी ओढू ओढू पाहिलं. तिरडीवर बांधलं तवाही हात तिथंच होता."

भोजराजने पाण्याचा लोटा खाली ठेवला.

"जाय आता," ती म्हणाली. "बस चालली जाईल."

त्यानंतर तो जवाहरनगरला एका दुकानात जळालेल्या पंख्यांच्या मोटारींत नवी तार भरायला लागला. १९८७ मध्ये इश्वरने मेहुण्याकडून आलेली दुसरी कॅसेट त्याच्या हातात ठेवली. भोजराजने ती घरी नेली, दार लावलं आणि शेवटपर्यंत ऐकली. गाणी पहिल्यापेक्षाही चांगली होती. बायकोने विचारलं, काय लावलं हाये. काही नाही म्हणाला, आणि कॅसेट इश्वरला परत देऊन आला.