हिरो जेलातून पळतो, आणि आमचा शिवणक्लास

शिवणक्लास चालवणाऱ्या बाईकडे दोन गोष्टी आपोआप साठतात. एक कातरण, दुसरे किस्से. कातरण उशीत भरता येतं. किश्श्यांचं काय करायचं? म्हणून तुम्हाला सांगते.

आर्णीत बसस्टँडच्या मागच्या गल्लीत माझं दुकान आहे. पुढे दुकान, मागच्या खोलीत क्लास. चार मशिनी, एक कटिंगचं टेबल आणि भिंतीवर छोटा टीव्ही. टीव्ही लावला तो शिकणाऱ्यांचं मन रमावं म्हणून. मन इतकं रमलं की हातातलं काम थांबायला लागलं! दुपारी दोनला एका क्राइम सिरीयलचा कालचा भाग पुन्हा दाखवतात. त्या वेळी कोणी ब्लाऊज घ्यायला आलं, तर त्या बाईलाही स्टूल द्यावं लागतं.

सिरीयलची गोष्ट साधी. अभय नावाचा हिरो. भला माणूस. त्याच्यावर खुनाचा खोटा आळ येतो, तो जेलात जातो, आणि तिथून पळून खरा खुनी शोधतो. पळायची तयारीच इतके दिवस चालली, की तेवढ्यात आमची एक बॅच संपून दुसरी सुरू झाली.

पाहणाऱ्या मुख्य तिघी. शकुनकाकू फॉल-पिको आणि हूक लावायला येतात. घरी कापूस, तूर, सोयाबीन सगळं आहे, पण घरच्या टीव्हीवर काका दिवसभर बातम्या लावतात, म्हणून त्या माझ्याकडे येतात. असं त्या स्वतःच सांगतात. दुसरी वैशाली, नव्याने लग्न झालेली, शिवण शिकायला येते. तिसरी गोमतीबाई, जवळच्या बंजारा तांड्यावरून येते. आरसेकाम करावं तर तिनेच.

चौथी निर्मला. ती कोपऱ्यातल्या मशिनवर बसते आणि बोलत नाही. तिचं पुढे येईल.

*

अभय जेवणाच्या चमच्याने कोठडीत भुयार खोदायला लागला. चमच्याला आमची हरकत नव्हती. हिरो आहे, खोदेल! पण शकुनकाकूंनी सुई खाली ठेवली.

"माती कुठी टाकून राह्यला हा?"

काकूंच्या शेतात गेल्या उन्हाळ्यात विहीर खोदली होती. त्या तावातावाने म्हणाल्या, "आमच्या इहिरीचा ढिगारा अजून तसाच पडून आहे. बैलबंडी वळवाले जागा नाही. अन् याची खोली पाहा, आताच झाडू मारल्यावानी!"

रोज दोन वाजता तोच प्रश्न. शेवटी सिरीयलवाल्यांनी खुलासा केला. अभय खिशातून मूठमूठ माती नेतो आणि जेलच्या बागेत गुलाबाच्या झाडाला घालतो.

"एवढ्या मातीत ते झाड कधीचंच गाडल्या गेलं असतं!" काकू म्हणाल्या.

वैशालीने त्यांचं हे म्हणणं मोबाइलवर रेकॉर्ड केलं आणि चॅनेलला पाठवून दिलं. काही दिवसांनी उत्तर आलं, 'धन्यवाद! पाहत राहा!'

काकूंनी ते दोनदा वाचून घेतलं.

"पाहूनच तं राह्यलो बापा! पण माती दिसून नाही राह्यली!"

*

एवढं खोदून तो निघाला कुठे? तर जेलाच्या आतल्याच मैदानात!

"याडी!" गोमतीबाईने कपाळावर हात मारला. आपण 'आई गं' म्हणतो, तिथे ती 'याडी' म्हणते. "आंगणातच यायचं होतं तं दारानं यायचं ना!"

*

मग भिंत आली. अभयने चादरी एकमेकींना बांधून दोर केला आणि सरसर उतरला.

आता चादरी हा आमचा विषय. गोमतीबाई म्हणाली, चादर पॉलिस्टरची आहे, गाठ सुटणार. वैशाली म्हणाली, गाठ टिकेल पण चादर फाटेल. शब्दाने शब्द वाढला. शेवटी मीच म्हटलं, करून पाहा आणि मोकळ्या व्हा.

दुकानाच्या वर घरमालक राहतात. ते नागपूरला गेले होते. त्यांच्या गॅलरीच्या कठड्याला आम्ही जुन्या चादरी बांधून खाली सोडल्या. वैशाली खाली स्टुलावर उभी राहिली, चादर धरली, आणि पायाने स्टूल सरकवलं. ती क्षणभर लटकली आणि बदकन खाली बसली. पुन्हा बांधलं, पुन्हा बदकन! तिसऱ्या वेळी शकुनकाकू पदर खोचून पुढे झाल्या. नेमके तेव्हाच घरमालक ऑटोतून उतरले.

आपल्या गॅलरीतून रंगीत चादरींची माळ लोंबते आहे आणि खाली बायांची गर्दी! त्यांच्या हातातली बॅगच पडली.

"कोण पळालं?" ते ओरडले.

गोमतीबाई शांतपणे म्हणाली, "अजून कोणीच नाही काका. गाठच सुटून राह्यली!"

*

पण खरा घाव बसला तो वर्दीच्या भागाने.

शेवटच्या गेटवर अभय एका शिपायाला पाडतो, त्याची वर्दी घालतो आणि सलाम करत बाहेर पडतो. शिपाई होता ढेरपोट्या. अभय काडीसारखा. आणि ती वर्दी अभयला अशी बसली, जशी काही माप घेऊनच शिवली!

क्लासमध्ये हाहाकार झाला. इथे आम्ही एका बाहीसाठी तीन-तीनदा उसवतो!

"फिटिंग कोणं केली? अन् कधी?" वैशालीने विचारलं. तिचं त्या आठवड्यातलं पाचवं ब्लाऊज बिघडलं होतं. तिला ते फारच लागलं.

त्याच दुपारी योग असा की एक खरे पोलीसदादा पँटची कंबर ढिली करून घ्यायला आले. बायांनी त्यांना दारातच घेरलं. दुसऱ्याची वर्दी अशी बरोब्बर बसते का, सांगा!

दादा बिचारे गोंधळले. म्हणाले, "दुसऱ्याची सोडा वो. मले माह्यीच वर्दी आजपर्यंत बरोबर बसली नाही."

शकुनकाकूंनी त्यांना वरून खालपर्यंत न्याहाळलं.

"मंग एकदा जेलातून पळून पाहा!"

*

गेटच्या बाहेर जंगल होतं. पोलीस कुत्रे घेऊन मागे लागले आणि अभय वर्दी फेकून आतल्या कैद्याच्या पायजम्यावरच रात्रभर जंगलातून पळाला. सकाळी नदीवर आला तेव्हा पायजमा पांढराशुभ्र!

गोमतीबाईचं माहेर पांढरकवड्याकडचं. तिकडचं गवत तिच्या पायांना माहीत आहे. "एक कुसळ नाही चिकटलं याले!" ती म्हणाली. "आम्ही रान तुडवून आलो तं संध्याकाळभर कुसळंच येचत बसतो."

हे वाक्य वैशालीने घरी नेलं.

दोन दिवसांनी तिचा नवरा संध्याकाळी घरी आला. कुठे होता, तर म्हणे शेतात, तुरीला पाणी देत होतो. वैशालीने त्याच्या पँटचे पाय उलटेसुलटे करून पाहिले.

"एक कुसळ नाही. चिखल नाही. कुठी गेलते?"

गेला होता मित्राकडे मटण खायला. कबूल करावंच लागलं. चिडून म्हणाला, "त्या तुह्या हिरोच्या पायजम्यालेबी कुसळ नव्हतं! त्याले काहून सोडून देतं मंग?"

वैशाली म्हणाली, "त्यालेबी कुठी सोडलं?"

*

आता निर्मला.

दिवाळीनंतर ती माझ्याकडे यायला लागली. सासरचं गाव आर्णीपासून जवळच, रोज सकाळच्या गाडीने यायची. हात सफाईदार. पण दोन वाजले की ती मान खाली घालून मशीन इतकी जोरात चालवायची की आम्हाला डायलॉग ऐकू येत नसत. शकुनकाकू दोनदा तिच्यावर ओरडल्यासुद्धा. ती नुसती 'हो' म्हणायची आणि मशीन जराशी हळू करायची.

हा भाग खरं तर पळण्याच्या आधीचा. मी मुद्दाम मागे ठेवला. अभयची बायको त्याला भेटायला जेलात येते. त्याला मिठी मारते, समोर बसून डबा खाऊ घालते. भाकरीत कानस लपवलेली असते. म्हणजे गज कापायची कानस!

झालं! बायांना आयतंच मिळालं. वैशाली म्हणाली, कानस घालून भाकर फुगली कशी? गोमतीबाई म्हणाली, थापतानाच तुटली असती. मीही त्यात होते. सगळ्या हसत होत्या.

कोपऱ्यातली मशीन थांबली.

"हात नाही लावू देत," निर्मला म्हणाली.

आम्हाला वाटलं, ती कापडाबद्दल बोलते आहे. वैशालीने विचारलं, "कायले?"

"भेटाले गेलं तं. हात नाही लावू देत." तिची नजर टीव्हीवर होती. "मधात जाळी राहते. दोन्हीकडून एवढी माणसं, सगळे एकदमच बोलतात. वरडून बोलावं लागते. मी मागच्या खेपेला जे सांगाले गेलती, ते गर्दीत सगळ्याईसमोर वरडून सांगताच नाही आलं. तशीच वापस आली."

शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, चुलतभावाशी भांडण झालं होतं, काठ्या चालल्या होत्या आणि तिचे यजमान, दिनकरभाऊ, आत गेले होते. दिवाळीच्याही आधीपासून. केस उभी राहायची होती. ती महिन्यातून एकदा 'माहेरी जाते' म्हणून सुट्टी घ्यायची, ती याच्यासाठी.

शकुनकाकू उठल्या आणि त्यांनी टीव्ही बंद केला.

"लावा ना काकू," निर्मला म्हणाली.

"राहू दे व माय. काही कामाची नाही ते सिरीयल."

"लावा. तो निंगते का नाही, ते तं पाहू द्या."

काकूंनी टीव्ही लावला. त्या दिवशी उरलेला सगळा भाग बिनआक्षेप पार पडला. असं पहिल्यांदाच झालं. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा सुरू झालं, पण निर्मलाची मशीन आता दोन वाजता बंद असायची आणि तिचं स्टूल काकूंच्या बाजूला असायचं.

*

सिरीयल संपत आली होती, तेव्हाची गोष्ट. दिनकरभाऊंना जामीन झाला. चार दिवसांनी ते दुपारी निर्मलाला न्यायला दुकानात आले. उंच माणूस, शर्ट अंगात ढगळ झालेला. दारातच उभे राहिले. आत बाया असल्या की पुरुष उभे राहतात तसे, अर्धे रस्त्याकडे तोंड करून.

"या ना भाऊ, बसा," मी म्हटलं. आत क्लासमध्ये स्टूल दिलं. निर्मला कोपऱ्यात पिशवी भरत होती. टीव्हीवर अभय आला आणि दिनकरभाऊंचा चेहरा एकदम खुलला.

"हे सिरीयल! आम्ही पाहो ना हे तिथं!"

"जेलात?" वैशालीच्या तोंडून निघून गेलं.

"हो ना. बराकीत टीव्ही होता. सगळे बसत. पण तो पळून जाचा भाग लागला का शिपाई येऊन टीव्ही बंद करे! रोज! मंग एका दिवशी लावला तं हा गडी बाहेर, जंगलात, अन् पोलीस मागं!" ते हसले. "सारी बराक डोकं लावून बसली, का हा निंगाला कसा. म्हातारे म्हातारे लोक इचार करून राह्यले. कोणालेच नाही जमलं."

ते स्टुलावर पुढे सरकले आणि वयाने मोठ्या म्हणून शकुनकाकूंकडेच वळले.

"काकू, तुम्ही तं पाह्यलं असन सगळं. कसा पळाला हा?"

वैशालीने तोंड उघडलं. गोमतीबाईचाही हात वर झाला. निर्मला पिशवी घेऊन दारापाशी थांबली होती.

शकुनकाकू साडीला फॉल लावत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"पळाला गिळाला काही नाही भाऊ. जामीन झाला त्याचा. समोरच्या दारानं निंगाला. तारखेले बरोबर हजर राहते."

वैशालीने तोंड मिटलं. गोमतीबाईने हात खाली घेतला.

दिनकरभाऊंनी थोडा विचार केला.

"जामीन झाला? मंग पोलीस कुत्रे घेऊन मागं काहून लागले होते?"

काकूंनी दोरा दाताने तोडला.

"सिरीयल आहे भाऊ ते. काहीबी दाखवतात!"