हळदकुंकू लावलेले रोबोट

पहिल्या वर्षाला प्रोग्रॅमिंग शिकवण्यासाठी आमच्या कॉलेजात तळहाताएवढे रोबोट आले. प्रत्येक विद्यार्थ्याने एकेक घरी न्यायचा होता. मी ते कपाटात कुलूपबंद ठेवले. मोडले तर जाब मलाच विचारतील, ही भीती. दसऱ्याला तेवढे बाहेर काढून त्यांना हळदकुंकू लावायचो, आणि प्रोग्रॅम फळ्यावर शिकवायचो.

अशाच एका पूजेला उमरेडच्या विणकराची मुलगी म्हणाली, "सर, आम्हीबी मागाची पूजा करतो. पण दुसऱ्या दिवशी बाबा त्याच्यावर विणाले बसते. तुमचे हे काहून बसून राहिले?"

वर्ग हसला. मी तिला सगळ्यांसमोर झापलं. पुढे तिने विषयच सोडला. हे मी आजवर घरीही बोललो नाही. ती खरं बोलली होती, भित्रा मी होतो.

यंदा पहिल्याच तासाला कपाट उघडलं आणि सगळे रोबोट वाटून टाकले. आठवड्याभरात सक्करदऱ्याची एक मुलगी चाक निखळलेला रोबोट घेऊन आली, रडवेली.

"सर, भिंतीले धडकला. प्रोग्रॅममध्ये थांबायचं लिहालेच विसरली मी."

"मग आता लिही," म्हणालो आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन तिच्या शेजारी बसलो.